सिद्दीच्या तोंडाला काळं फासू नका : शिवकालीन युद्धपट काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिवकाळावर युद्धपट काढणारे निर्माते, दिग्दर्शक, पटकथालेखक, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे रंगभूषाकार व वेशभूषाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा हक्काचा प्रेक्षक. गडकिल्ल्यांवरचा चित्रपट लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढणारा, शिवगारदेच्या वेळी उठून उभा राहणारा. तक्रार एकच आहे, पण ती तुमच्यातल्या बहुतेकांना लागू पडते, म्हणून कुणा एकाचं नाव न घेता सगळ्यांना मिळून उघडपणे लिहितो आहे. तक्रार तुमच्या चित्रपटातल्या सिद्दीबद्दल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या दख्खनी सरदाराबद्दल आहे.

तो पडद्यावर कसा येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी पार्श्वसंगीतात काहीतरी घुमतं, मग मशालींचा तांबडा उजेड, मग मटणाची तंगडी दातांनी तोडणारा एक अक्राळविक्राळ माणूस. डोळ्यांत सुरमा, गळ्यात माळा आणि अंगभर डांबरासारखा रंग. जरा निरखून पाहिलं की रंगाखालचा नट ओळखू येतो. कालच्या मालिकेत तो कुणाचा तरी समंजस मोठा भाऊ होता. मानेपाशी रंगाची कड दिसते, घामाने कानशिलावर ओघळ आलेले असतात. समोर आपले मावळे. तेही रंगवलेलेच, फक्त दुसऱ्या डबीतून. उन्हापावसात सह्याद्री तुडवणाऱ्या माणसांची कातडी इतकी उजळ कशी राहील, हा प्रश्न सेटवर कुणालाच पडत नाही. कोण आपला आणि कोण परका हे अशा रीतीने युद्ध सुरू होण्याआधीच रंगभूषेच्या खोलीत ठरून जातं.

चित्रपटाला थोडी मोकळीक हवी, हे मला मान्य आहे. घोडखिंडीत बाजीप्रभू नेमके कुठे उभे होते, यावर अभ्यासकांची भांडणं संपलेली नाहीत. तुम्ही एक जागा निवडलीत तर मी कोर्टात जाणार नाही. पण सिद्दींच्या बाबतीत जे घडतं ते मोकळीक या सदरात बसत नाही. त्यात घडलेली लढाईच बदलते.

पन्हाळ्याचंच बघा. या वेढ्यावर आपण इतक्यांदा गहिवरलो आहोत की तो आपल्याला पाठ आहे असं वाटतं. १६६० च्या मार्चमध्ये महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशहाने कर्नूलच्या सिद्दी जौहरला सलाबतखान हा किताब देऊन त्यांच्यावर पाठवलं. त्याच्याबरोबर अफझलखानाचा मुलगा फाझलखान होता, रुस्तुमेजमान होता, मुधोळचे बाजी घोरपडे होते, जौहरचा जावई सिद्दी मसूद होता. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन त्यांना मदत करायला आला होता आणि आपलं निशाण लावून गडावर मारा करत होता. एवढ्या जातीची, एवढ्या रंगांची माणसं एका वेढ्यात. तुमच्या चित्रपटात यातले इंग्रज असतात, ते हमखास विनोदी असतात, आणि बाकी सगळी फौज म्हणजे काळा रंग आणि हिरवी निशाणं.

जौहरने काय केलं ते आठवा. पाऊस लागला की वेढे ढिले पडतात हा दख्खनचा जुना अनुभव होता, आणि गडावरच्यांची भिस्त त्याच पावसावर होती. पन्हाळ्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला कळेल की आषाढात तिथे तंबू ठोकून महिनोन्महिने पहारे चालू ठेवणं म्हणजे काय. जौहरने वेढा ढिला पडू दिला नाही. नेताजी पालकरांनी बाहेरून तो फोडायचा प्रयत्न केला, तरी तो फुटला नाही. हा माणूस शिस्तीचा, चिकाटीचा, कामात तरबेज सेनापती होता. म्हणून तर १२ जुलैच्या रात्री जे घडलं त्याला तोड नाही. शिवा काशिदांना प्रतिमहाराज होऊन पालखीत बसावं लागलं आणि बांदल सेनेला घोडखिंडीत रक्त सांडावं लागलं, कारण वेढा घालणारा कच्चा नव्हता. तुमच्या चित्रपटात तो मद्य पितो, नाच बघतो आणि मोठमोठ्याने हसतो. असल्या माणसाच्या वेढ्यातून निसटायला बाजीप्रभूंसारख्याला मरायची गरज काय पडली, असं एखाद्या चुणचुणीत पोराने विचारलं तर काय सांगणार?

आता पुढचं, जे मी अजून एकाही पडद्यावर नीट पाहिलेलं नाही. नेताजींनी वेढा फोडायचा जो प्रयत्न केला, त्यात त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल होता. होय, सिद्दीच. महाराजांचा सरदार. आदल्या डिसेंबरात कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमानचा पराभव झाला, त्या लढाईतही तो महाराजांच्या बाजूने होता. पन्हाळ्याखालच्या त्या झुंजीत हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन पडला आणि जौहरच्या लोकांनी त्याला उचलून नेलं. कवींद्र परमानंदांच्या शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यात हे आहे, आणि शिवभारत तुमच्या प्रत्येकाच्या श्रेयनामावलीत संदर्भ म्हणून झळकतं. बाप डोळ्यांदेखत मुलगा गमावतो आणि तरी स्वामीच्या बाजूने लढतो, समोर त्याच्याच रक्ताचे लोक उभे. कुठल्याही भाषेतल्या पटकथालेखकाने या प्रसंगासाठी हातातलं काम बाजूला ठेवलं असतं. आपण तो कापतो. कापतो हेही म्हणता येत नाही, कारण मुळात लिहीतच नाही.

आणि १२ जुलैच्या त्या रात्रीनंतर, पाठलाग चुकवत महाराज विशाळगडाखाली पोचले तेव्हा तिथे वाट अडवून कोण होतं? शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. अस्सल मराठे, आदिलशहाच्या चाकरीतले. थकल्याभागल्या मूठभर मावळ्यांना त्यांची फळी कापून गडावर चढावं लागलं. म्हणजे पन्हाळ्याला एक सिद्दी पोर स्वराज्यासाठी रक्तबंबाळ झालं आणि विशाळगडाला दोन मराठे स्वराज्याच्या आडवे आले. ही खरी लढाई. ती दाखवली तर रंगावरून माणूस ओळखायची सोय राहत नाही, आणि मला शंका आहे की अडचण नेमकी तीच आहे.

प्रतापगडाचंही तसंच. १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांबरोबर जे दहा अंगरक्षक होते त्यांत जिवा महाला होते, संभाजी कावजी होते, येसाजी कंक होते, आणि इब्राहिम सिद्दी होता. जिवा महालांची उडी तुम्ही चार वेगवेगळ्या कोनांतून संथगतीत दाखवता, दाखवायलाच हवी. इब्राहिमला मात्र दहांच्या रांगेतही उभं करत नाही. एखाद्याने केलंच, तर त्याला फेटा बांधून इतका पाठीमागे ठेवतो की नाव माहीत असलेल्यालाही तो सापडू नये. दहा माणसं निवडताना महाराजांनी ज्याच्या हाती स्वतःचा जीव दिला, त्याला एक मिनिट देणं तुमच्या बजेटला जड जात असेल असं वाटत नाही.

थोडं मागे जाऊ. महाराजांच्या आधीच्या पिढीतली भटवडीची लढाई, १६२४. अहमदनगरजवळ मुघल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजांना मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून चिखलात रुतवलं आणि मग कापून काढलं. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथे पडले. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनला आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) शहर वसवलं, तिथे डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आणलं, जमीन महसुलाची घडी बसवली. छापे घालून मोठ्या फौजेला हैराण करायची जी रीत पुढे मराठ्यांची ओळख झाली, तिची तालीम भोसले घराण्याने अंबरच्या काळात घेतली, हे आपले इतिहासकारच सांगतात.

जहांगीर या अंबरवर इतका जळत असे की त्याच्या आत्मचरित्रात अंबरचं नाव शिवीशिवाय क्वचितच येतं, आणि ती शिवी बहुतेक वेळा रंगावरून असते. रणांगणावर तो कधी हाती लागला नाही, तेव्हा जहांगीराने आपल्या चित्रकाराकडून, अबुल हसनकडून, एक चित्र काढून घेतलं. भाल्याच्या टोकावर अंबरचं तुटलेलं काळं मुंडकं, त्याच्याभोवती घुबडं, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अंबर मात्र १६२६ मध्ये म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला आणि खुल्दाबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर जहांगीराच्याच दरबारच्या मुतमदखानाने तो युद्धात आणि कारभारात बिनतोड होता असं लिहून ठेवलं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तुमच्या पडद्यावरचा काळाकुट्ट, पशुवत सिद्दी मला मराठी कागदांत सापडत नाही. शिवभारतात शत्रूचं वर्णन झोंबरं आहे, पण जौहरच्या पराक्रमाला परमानंद नाकं मुरडत नाहीत. तुमचा सिद्दी जहांगीराच्या त्या चित्रातून आलेला आहे. मुघलांविरुद्धच्या चित्रपटात मुघल बादशहाचीच नजर वापरायची, आणि तीही शहाजीराजांच्या सहकाऱ्यावर काढलेल्या चित्रातली. विचार करा.

वेशभूषेबद्दल. सिद्दी म्हटलं की तुमच्याकडे कातडी पट्टे, कवड्या, हाडं, कानात मोठी कडी असं काहीतरी शिवून येतं. कुठल्या संदर्भाने, देव जाणे. बहुधा जुन्या इंग्रजी जंगलपटांवरून. मलिक अंबरची त्याच्या हयातीतली चित्रं उपलब्ध आहेत. एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, हाशिमने काढलेलं. घरबसल्या मोबाईलवर दिसतं. पांढरा साधा जामा, कमरेला पटका, तलवार, आणि चेहऱ्यावर वय झालेल्या, कुणाला भीक न घालणाऱ्या कारभाऱ्याची शांतता. विजापूरचा इखलासखान हाही हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचाच. मुहंमद आदिलशहाच्या बरोबरीने एका हत्तीवर बसलेलं त्याचं चित्र आहे, आणि त्याच्या अंगावरचं जरीकाम सुलतानाला लाजवील असं आहे. विजापूरच्या दरबारात दख्खनी होते, इराणी होते, पठाण होते, हबशी होते, मराठे होते, आणि दफ्तरात मोडी लिहिणारे ब्राह्मण होते. त्यांची आपसात जीवघेणी भांडणं होती. त्या दरबाराचं नाट्य त्या भांडणांत आहे. तुम्ही मात्र सगळ्यांना एका रंगाच्या झग्यांत उभं करून ‘आलमपनाह’ म्हणायला लावता.

भाषेचीही हीच रड. जौहर तुमच्याकडे अर्धवट हिंदी, अर्धवट मराठी असं काहीतरी गुरगुरतो. आदिलशाहीत दखनी बोलली जायची, लिहिली जायची. दुसरा अली आदिलशहा स्वतः दखनीत कविता करायचा आणि त्याच्या दरबारी कवी नुस्रतीने ‘अलीनामा’ त्याच भाषेत लिहिला, ज्यात अलीच्या मोहिमा आहेत. दखनीने आपला ‘च’ मराठीकडून उचललेला आहे, कितीतरी शब्द उचलले आहेत. सोलापूर, नांदेड, संभाजीनगरच्या कुठल्याही मोहल्ल्यात आजही तिची भावंडं ऐकू येतात. त्या बोलीत जौहरने चार वाक्यं म्हटली तर तो इथलाच, याच मातीवर हक्क सांगणारा शत्रू वाटेल, आणि असा शत्रू जास्त धोकादायक असतो. तुमच्या संवादलेखकाला हे सुचायला हवं होतं.

इथे थोडं विषयांतर करतो. २०१७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या डंकर्कच्या माघारीवरचा इंग्रजी चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे बराच संताप झाला. रास्त होता. १९४० मध्ये त्या किनाऱ्यावर हिंदी लष्कराच्या खेचरपलटणींतले लोक होते. १९३९ च्या डिसेंबरात ते मार्सेयला उतरले होते, बहुतेक पंजाबी मुसलमान. चित्रपटात त्यांचा मागमूस नाही. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धावरच्या दुसऱ्या एका चित्रपटात ब्रिटिश शिपायांच्या ट्रकमध्ये एक शीख शिपाई दिसला, तर तिकडच्या एका नटाने हा बळेच घुसवला म्हणून गळा काढला आणि मागाहून माफी मागितली. फ्रान्समध्ये हिंदी फौजा लढल्या होत्या. नव्ह शापेलला त्यांचं स्मारक उभं आहे. अर्थात त्या आपापल्या पलटणींत लढल्या, गोऱ्यांच्या ट्रकमध्ये एकटेदुकटे बसून नव्हे, तेव्हा तो शीखही तसा थोडा शोभेपुरताच होता. तेव्हा समाजमाध्यमांवर ‘आमचा इतिहास पुसला’ म्हणून लिहिणाऱ्यांत तुमच्यातलेही काही जण होते. मग हिलाल आणि इब्राहिम यांना कुणी पुसलं? आपल्याला वगळलं की तो अन्याय, आणि आपण वगळलं की ते कलास्वातंत्र्य, असं कसं चालेल?

आता तुमचं उत्तर काय येईल याचा अंदाज आहे. पहिलं, जंजिऱ्याच्या सिद्दींनी कोकणाला किती छळलं ते विसरलात का? मी राहतो रायगड जिल्ह्यात. विसरणं शक्य नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींनी किनाऱ्यावरची गावं जाळली, माणसं धरून नेली, गुलाम म्हणून विकली. १६७१ च्या होळीच्या रात्री त्यांनी जंजिऱ्यासमोरची दंडाराजपुरी मराठ्यांकडून परत घेतली ती कापाकापी करूनच. महाराजांनी पद्मदुर्ग बांधला, शंभूराजांनी १६८२ मध्ये वेढा घातला, आणि जंजिरा अखेरपर्यंत आपल्या हाती आला नाही. हे दाखवा, न कचरता दाखवा. फक्त त्यांचा म्होरक्या सिद्दी कासम क्रूर होता तो सत्तेसाठी आणि मुघलांच्या पैशासाठी, त्याच्या कातडीमुळे नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. जंजिऱ्याचा फत्तेखान महाराजांशी तह करून किल्ला द्यायला निघाला होता, म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला कैद केलं. हा अख्खा एक चित्रपट आहे, राजकारणाने ठासून भरलेला. तुम्ही त्यातून फक्त तोफ उचललीत.

दुसरं उत्तर, तुम्ही पुरोगामी लोक महाराजांना सेक्युलर ठरवायला निघाला आहात. नाही बुवा. महाराजांच्या फौजेत अमुक टक्के मुसलमान होते असे जे संदेश फिरतात, त्यांचा आधार विचारला की कुणी समकालीन कागद पुढे करत नाही, आणि मला त्या टक्केवाऱ्यांचा तुमच्या काळ्या रंगाइतकाच वैताग येतो. माझी मागणी आकड्यांची नाही. हिलाल आहे, वाहवाह आहे, इब्राहिम आहे. ज्यांची नावं कागदांत आहेत तेवढ्यांना त्यांच्या जागी उभं करा. नसलेले चार जास्त घालू नका.

तिसरं उत्तर सर्वांत लंगडं असतं: तसे नट मिळत नाहीत. बेळगावच्या पलीकडे उत्तर कन्नडच्या जंगलात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत हजारो सिद्दी राहतात. घरात जी बोली बोलतात तिच्यात कोंकणी आणि मराठी मिसळलेली आहे. हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. हेग्गोडूच्या निनासम नाट्यसंस्थेतून त्यांच्यातले कलावंत तयार झाले. प्रशांत सिद्दी कन्नड चित्रपटांतला ओळखीचा नट आहे. गिरिजा सिद्दी गाते, अभिनय करते. कन्नड निर्मात्यांना जे लोक सापडतात ते कोल्हापूरहून गाडीने काही तासांच्या अंतरावर असताना तुम्हाला सापडत नाहीत, कारण तुम्ही शोधत नाही. रंगाची डबी स्वस्त पडते. एक सावधगिरी मात्र आधीच सांगून ठेवतो: त्यांना बोलवाल तर जमावात भाला धरून नाचायला बोलवू नका. या समाजाने ते पुष्कळ भोगलं आहे. ऐंशीच्या दशकात सरकारी क्रीडायोजनेने त्यांची मुलं उचलली, ती जन्मतःच धावणारी असणार या समजुतीने. पुढे योजना बारगळली आणि पोरं घरी परत. त्यांच्यातल्या एखाद्याला जौहर द्या, पूर्ण लांबीचा, संवादांसकट. एखाद्याला हिलाल द्या.

पडद्यावरचं पडद्यावर राहत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये पन्हाळगडाचं नाटुकलं ठरलेलं असतं. महाराज कोण होणार यावर शिक्षकांत चर्चा होते, बाजीप्रभूसाठी आवाज बघतात. जौहर कोण होणार हे मात्र वर्गातल्या सगळ्यात सावळ्या मुलाकडे बघून ठरतं, आणि वर त्याला काजळ फासतात. ते पोर वर्षभर ‘ए सिद्दी’ म्हणून हाक ऐकतं. शिक्षकांनी हे तुमच्याकडून उचललं आहे. पुण्यामुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळताना काय त्रास होतो, रस्त्यात त्यांना काय म्हटलं जातं, हेही एकदा विचारून बघा. त्याचा सगळा दोष चित्रपटांना देण्याइतका मी भाबडा नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी आफ्रिकी वंशाचा माणूस पहिल्यांदा पाहिला तो तुमच्याच पडद्यावर, तंगडी तोडताना.

जाता जाता, पटकथेसाठी एक प्रसंग सुचवतो. मानधन नको.

सिद्दी मसूद आठवतो ना, घोडखिंडीपर्यंत महाराजांचा पाठलाग करणारा? तुमच्या चित्रपटात तो खिंडीत हात चोळत बसतो आणि कथेतून जातो. प्रत्यक्षात तो पुढे विजापूरचा कारभारी झाला, १६७८ मध्ये. राज्य खिळखिळं झालेलं, सुलतान पोरसवदा, तिजोरी रिकामी. १६७९ मध्ये मुघलांचा दिलेरखान विजापूरच्या तटापाशी येऊन थडकला. तेव्हा या मसूदने मदतीसाठी कुणाला लिहावं? महाराजांना. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांना पावसाळी रात्री पकडायला धावला होता, त्यांना. आपण शेजारी आहोत, दोघांनी मिळून या परक्याला हाकलू, अशा आशयाचं ते पत्र. आणि महाराजांनी मदत केली. फौज पाठवली, शहरासाठी धान्य पाठवलं, स्वतः मुघली मुलखात शिरून दिलेरखानाचं लक्ष वेधलं. त्याच दिवसांत शंभूराजे दिलेरखानाच्या गोटात होते, हे ध्यानात घेतलं तर त्या मदतीमागे महाराजांच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करा. विजापूर त्या वर्षी वाचलं. मृत्यूला काही महिने उरलेले महाराज, म्हातारा झालेला मसूद, आणि मध्ये बाजीप्रभूंची आठवण. यात रंगभूषेचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

पुढचा पन्हाळा चित्रित करायला घ्याल तेव्हा एवढंच करा: जौहरसाठी सिद्दी नट शोधा, आणि वेढ्याच्या प्रसंगात हिलाल-वाहवाहला पाच मिनिटं द्या. इब्राहिमला दहांच्या रांगेत पुढे घ्या. शिवभारताचं नाव श्रेयनामावलीत घालणार असाल तर ही नावं त्यातूनच आलेली आहेत, वेगळ्या संशोधनाचा खर्च नाही. तिकीट मी नेहमीप्रमाणे पहिल्या आठवड्यात काढीनच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रेक्षक
रोहा, जि. रायगड